गुरुवारचं पाणी

महिपती खोटं लिहितो, ही खबर मला पहिल्यांदा कॉम्प्युटरने दिली.

तेव्हा मी पुण्याला हवामानशास्त्रात एम.एस्सी. करत होते. शेवटचं वर्ष, २००४चा हिवाळा. आमच्या प्रयोगशाळेत पाच कॉम्प्युटर होते, त्यातला खिडकीजवळचा तेवढा माणसात होता. तो मिळावा म्हणून मी सकाळी साडेसातलाच जाऊन बसायचे. प्रबंधाला मी विषय घेतला होता घरचाच, सावित्रीच्या खोऱ्यातला मोठा पाऊस. खाली महाड, म्हणजे आमचं गाव. वर पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत करंजकोंड. दोन्हीकडे पर्जन्यमापक होता आणि रोज सकाळी साडेआठला तो बघून आकडा लिहिला जायचा. वर किती पडला की खाली किती पडतो, एवढा साधा प्रश्न मी घेतला होता, आणि माझं अख्खं तिसरं प्रकरण करंजकोंडच्या आकड्यांवर उभं होतं. ते आकडे खोटे निघाले तर प्रकरण गेलं, आणि प्रकरण गेलं की वर्ष गेलं.

१९७५पासून १९९६पर्यंत सगळं सुरळीत होतं. वर पाऊस, तर खाली पाऊस. थोडा कमीजास्त, पण दोन्ही आकडे हात धरून चालायचे. १९९६च्या जूनपासून मात्र त्यांचं फाटलं. महाडला दोनशे मिलिमीटर पडलेला दिवस बघावा तर करंजकोंडला वीस. करंजकोंडला दीडशे, तर महाडला त्या तारखेला टिपूस नाही. एका खोऱ्यात, तीस किलोमीटरच्या आत, असं एखाद्या दिवशी होईल. आठ वर्षं कसं होईल?

मी कागदपत्रं काढली. १९९६पर्यंत आकडे घेत होते हाशिम मास्तर, करंजकोंडच्या शाळेवरचे. ते निवृत्त झाले आणि काम गेलं गावातल्या महिपती नावाच्या शेतकऱ्याकडे. त्याच महिन्यापासून आकडे बिघडले. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि खरं सांगायचं तर तिला मी दूध पाजून वाढवलं.

मी शंकेखोर आहे, हे इथेच सांगून टाकते. हा गुण अब्बांकडून आला. माझे अब्बा झकेरिया यांचे दोन ट्रक मुंबई-गोवा हायवेवर चालायचे. ड्रायव्हरने फोन करून "आत्ताच पोलादपूर सोडलं" सांगितलं की अब्बा फोन ठेवून म्हणायचे, "म्हणजे अजून जेवतोय." आम्ही लहानपणापासून हे ऐकत आलो. त्यामुळे कोणी काही सांगितलं की त्यातून किती वजा करायचं, याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप सुरू होतो. शिवाय हाशिम मास्तर आमच्यातले, दासगावच्या बाजूचे. त्यांचे आकडे सोन्यासारखे आणि नंतरच्याचे खोटे, हे मान्य करायला मला जरा सोपंच गेलं. तेव्हा हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं.

डिसेंबरात सुट्टीला महाडला आले आणि पहिल्याच सोमवारी करंजकोंड गाठलं. पोलादपूरच्या स्टँडवर जीपची वाट बघताना चहावाल्या भिकूला सहज विचारल्यासारखं विचारलं, "करंजकोंडचे महिपती माहितीयत का?"

"तर काय. पावसाचं यंत्र हाय ना त्याच्याकडं."

"गावातच असतात ना? की मुंबईला वगैरे जातात?"

"जातो की. गेल्या वर्षी पोराचा पाय मोडला, साहिलचा, तवा आठ दिवस परळला होता. ऑगस्टात. इथंच चा पिऊन गेला."

ऑगस्टात आठ दिवस. भर पावसाच्या महिन्यात यंत्र सोडून माणूस परळला, आणि माझ्या कागदावर २००३च्या ऑगस्टचे एकतीसच्या एकतीस रकाने भरलेले. जीपमध्ये बसले तेव्हा मला आनंद झाला होता.

महिपती पन्नाशीचा, उंच, जरा वाकलेला माणूस. त्याने माझी ओळख ऐकून घेतली, हात धुतले, मग प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली वही आणली. अंगणाच्या टोकाला तारेच्या कुंपणात सिमेंटचा बुटका चौथरा होता आणि त्यावर यंत्र. वर नरसाळं, आत बाटली. बाटलीतलं पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतायचं आणि रेघ वाचायची, एवढंच काम. त्याची बायको बयाबाई चुलीपाशी कोरा चहा करत होती.

वही उघडली आणि मी मनात म्हटलं, सापडला. एकाही पानावर खाडाखोड नाही. पावसाळ्यातली वही, पण कुठे डाग नाही, ओलावा नाही. महिन्याच्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच अक्षर, एकच शाई, एका बैठकीत लिहिल्यासारखं.

"रोज लिहिता, काका?"

"रोज."

"महिनाभर एकच शाई दिसतेय."

"पेन एकच हाय."

मी पानं मागे नेली. "दोन हजार तीनच्या ऑगस्टात तुम्ही मुंबईला होतात ना?"

"होतो."

"मग हे आठ दिवस?"

त्याने एकदा चुलीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "घरातनं मोजलंय," तो म्हणाला.

मी माझ्या वहीत लिहून घेतलं: घरात बसून मोजलं. पुढे विचारायची गरजच वाटली नाही. माणूस तोंडाने कबूल करतोय आणि त्याला लाजही नाही, याचंच मला नवल वाटलं. बयाबाईने चहा आणून दिला, "गोड झालाय का गो?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं आणि तिच्याबद्दल मला उगाच वाईट वाटलं.

पुण्यात माझ्या मार्गदर्शक गद्रे मॅडमना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नौशीन, संशय हा पुरावा नव्हे. एक शाई म्हणजे माणूस नंतर उतरवून काढत असेल. तुला खात्री करता येईल असं काहीतरी कर." मॅडमचं म्हणणं ऐकून मी शांत व्हायला हवं होतं. मी मात्र खात्री कशी करायची याच्या मागे लागले, आणि ती युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

युक्ती अशी. उन्हाळ्यात पाऊस नसतोच. तरी नियम सांगतो की यंत्र रोज सकाळी उघडून बघायचं आणि शून्य असेल तर शून्य लिहायचं. घरी बसून लिहिणारा माणूस उन्हाळ्यात कशाला उघडेल? तर आपण कोरड्या दिवशी गुपचूप यंत्रात पाणी ओतायचं, मोजून. बघणाऱ्याला ते सापडेल. न बघणारा शून्य लिहील. इतके दिवस तो पाणी जोखत होता, आता मी त्याचं पाणी जोखणार होते.

२००५च्या एप्रिलची अठ्ठावीस तारीख, गुरुवार. जागेची उंची मोजायची आहे असं निमित्त काढून मी दुपारी करंजकोंडला पोचले. पर्समध्ये पाण्याची बाटली आणि प्रयोगशाळेतून आणलेला मापाचा ग्लास. महिपती राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला, शेतावर गेला होता, बयाबाई आत भाकऱ्या थापत होती. मी फाटकाची तार सोडली, ग्लासात बरोबर बारा पूर्णांक चार मिलिमीटर मोजलं, नरसाळ्यातून आत सोडलं, तार पुन्हा गुंडाळली. दोन मिनिटांचं काम. मग बयाबाईजवळ बसून चहा प्यायले, आणि तिच्याशी आंब्यांच्या गप्पा मारताना माझा आवाज अगदी नेहमीसारखा होता.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. अम्मीने अगरबत्ती लावली होती आणि खीर करायला घेतली होती.

"आज काय आहे?" मी विचारलं.

"जुम्याची रात नाय का? पुण्याला ऱ्हाऊन ते पण इसरलीस?"

"अम्मी, आज गुरुवार आहे."

"गुरवार मगरिबला संपला," अम्मी म्हणाली आणि वेलची कुटायला बसली. आमच्याकडे दिवस मावळला की दुसरा दिवस लागतो. रात्र येणाऱ्या दिवसाची असते; गुरुवारची रात्र जुम्याची, म्हणजे शुक्रवारची. हे मला जन्मापासून माहीत होतं, म्हणून त्याच्याकडे मी लक्षच दिलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, ज्यांच्या अखत्यारीत ते यंत्र होतं त्या कार्यालयातून करंजकोंडचा एप्रिलचा तक्ता मिळाला. एक ते तीस, सगळीकडे शून्य. एकोणतिसाव्या तारखेलासुद्धा, जिथे माझं पाणी दिसायला हवं होतं. मी तो तक्ता घेऊन जवळजवळ पळतच मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, "तू एकदा त्याला विचारून ये."

"विचारून काय, मॅडम, तो काहीतरी सांगेलच."

"सांगू दे की."

मी गेले नाही. प्रबंध छापायला टाकायचा होता, दिवस थोडे होते, आणि खरं कारण म्हणजे मला उत्तर नको होतं. तिसऱ्या प्रकरणात मी १९९६पर्यंतचेच आकडे ठेवले आणि लिहिलं की त्यानंतरची करंजकोंडची नोंद विश्वासार्ह नाही. शिवाय त्याच कार्यालयाला पत्र लिहिलं, दोन पानी, पाण्याच्या प्रयोगासकट. शेवटी लिहिलं की अशा नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी. हे वाक्य मी तीनदा वाचून बघितलं होतं, इतकं ते मला आवडलं होतं. जूनच्या दहा तारखेला यंत्र काढून नेलं, असं मला उत्तर आलं.

पुढचा जुलै आमच्याकडे कोणी विसरणार नाही. महाडात पाणी दुकानांच्या पाट्यांना लागलं, डोंगर सुटले, गावं गाडली गेली. मी पुण्यात होते आणि चार दिवस घरचा फोन लागत नव्हता. घरी पोचले तेव्हा अब्बा कमरेएवढ्या चिखलातून सामान काढत होते आणि अम्मी वरच्या मजल्यावर शेजारच्या तीन घरांचा स्वयंपाक करत होती. आम्ही सगळे जिवंत होतो, एवढंच मी बघितलं आणि जिन्यात बसून रडले.

माझी तोंडी परीक्षा ऑगस्टातून सप्टेंबरात गेली. मॅडमचा फोन आला. "सावित्रीच्या पावसावर प्रबंध, आणि हा पाऊस त्यात नाही असं चालणार नाही. पुरवणी जोड. महाडचा आकडा मिळेल. वर डोंगरात किती पडला?"

"वर यंत्र नव्हतं, मॅडम."

"करंजकोंडचं होतं ना?" त्या म्हणाल्या.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अब्बांनी धुऊन काढलेल्या एका ट्रकमध्ये तांदूळ, चादरी, रॉकेल भरून पोलादपूरच्या गावांकडे न्यायला घेतलं. मी म्हटलं, मी पण येते. करंजकोंडच्या अलीकडे रस्ता तुटला होता. तिथे ट्रक थांबला, माणसं येऊन पोती डोक्यावरून नेऊ लागली. त्यांच्या मागोमाग मी चिखलातून वर गेले. महिपतीचं घर उभं होतं. मागचा बांध आणि गोठ्याची एक भिंत गेली होती. अंगणात चौथरा होता, त्यावर यंत्र नव्हतं. तेलाचा पत्र्याचा चौकोनी डबा होता, वरचं झाकण कापलेला, चारी बाजूंनी दगड लावून बसवलेला.

"या म्याडम," महिपती म्हणाला. मी आत जाऊन बसले. बयाबाई चहा करायला लागली. मी काय बोलायचं ते ट्रकमध्ये, चढावर घोकत आले होते आणि त्यातलं एकही वाक्य मला आठवेना.

"काका, पंचवीस-सव्वीस जुलैला किती पडला, काही अंदाज?"

"अंदाज कशाला? मोजलाय." त्याने भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर खिळ्याला कॅलेंडर होतं, घरोघरी असतं तसं, एकादशी आणि संकष्टी लिहिलेलं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडे. काही निळ्या पेनाने, काही शिसपेन्सिलीने, काही चौकटी ओल्या बोटांनी फिसकटलेल्या. रोज सकाळी मोजून तो इथे लिहायचा आणि महिना संपला की स्वच्छ हात धुऊन वहीत उतरवायचा. सरकारी वही डागाळू नये म्हणून. खाली मागच्या वर्षांची कॅलेंडरं त्याच खिळ्याला होती, थप्पीच. मी २००३चा ऑगस्ट काढला. त्यातल्या आठ चौकटींत आकडे वेगळ्या हातचे होते, मोठाले, पाटीवर गिरवल्यासारखे.

"हे कोणी लिहिलं?"

"सांगितलं नव्हतं का? घरातनं," तो म्हणाला, आणि चुलीपाशी बयाबाई पदराआड हसली. "मला मास्तरांनी शिकिवलं, मी तिला. दुसरीपर्यंत शाळा झालीय तिची."

घरातनं, म्हणजे बायकोने. तिचं नाव घ्यायचं नाही म्हणून. महाडात जन्मून, शेजारीपाजारी असं बोलणं ऐकत वाढून, हे मला कळलं नव्हतं, कारण मला ते कळून घ्यायचंच नव्हतं.

मग मी या वर्षीचा एप्रिल काढला. एकोणतीस, शुक्रवार. चौकटीत नुसतं शून्य. क्षणभर, मला सांगायला लाज वाटते, क्षणभर मला बरं वाटलं. तेवढ्यात नजर डावीकडच्या चौकटीवर गेली. अठ्ठावीस, गुरुवार. तिथे शिसपेन्सिलीने अगदी बारीक लिहिलं होतं: "पाणी १२.२. पाऊस नाय. पाला कोरडा. तार उलटी गुंडाळलेली."

बारा पूर्णांक दोन. मी बारा पूर्णांक चार ओतलं होतं. दोन दशांश नरसाळ्याला आणि बाटलीला चिकटून राहतं, ते तसं राहायलाच हवं. बरोबर बारा पूर्णांक चार लिहिलं असतं तर माझ्यासारखीला पुन्हा शंका आली असती.

"पाऊस नव्हता म्हणून तक्त्यात शून्य लिवलं," महिपती म्हणाला. "पाऊस सोडून दुसरं काय लिवायला तक्त्यात जागा नाय. पण पाणी होतं, म्हणून हितं लिवलं."

"पण तुम्ही मोजलंत शुक्रवारी सकाळी. मग गुरुवारात का लिहिलंत?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की एवढी शिकलेली बाई हे काय विचारतेय. "पाणी गुरवारचं होतं ना? सकाळ झाल्याबिगर दिवस संपत नाय. रात्री पडला तो गेल्या दिवसाचा. मास्तरांनीच सांगितलेलं जाताना. म्हणाले, महिपती, सकाळी मोजशील तो पाऊस ज्या दिवसाचा, त्या दिवसात लिही. मी तसंच करतो."

मी कॅलेंडर हातात धरून तशीच बसले. हाशिम मास्तरांनी हेच वाक्य सांगितलं असणार, शब्दान् शब्द. त्यांच्या मनात रात्र येणाऱ्या दिवसाची होती, माझ्या अम्मीच्या जुम्याच्या रातीसारखी. म्हणून रात्रीचा पाऊस ते सकाळच्या तारखेला लिहायचे, आणि हवामान खात्याचा नियमही नेमका तोच आहे. महिपतीच्या मनात दिवस उजाडल्यापासून उजाडेपर्यंत. त्याने तोच पाऊस आदल्या तारखेला लिहिला. दोघांनी एकच वाक्य पाळलं होतं. आठ वर्षं अख्खा पाऊस नुसता एक चौकट मागे बसला होता, आणि दोन वर्षं हवामानशास्त्र शिकून मला तो एक घर पुढे सरकवून बघायचं सुचलं नव्हतं.

"काका," मी म्हटलं, "ते पाणी मी ओतलं होतं."

"म्हाईत हाय."

"माहीत होतं?"

"त्या दिवशी गावात पाव्हणी एकच आलेली. तार आमी उजवीकडनं गुंडाळतो." तो थांबला. "तुमी येऊन सांगाल म्हणून वाट बघितली. मग जूनात मानसं आली, यंत्र उचललं. इचारलं का, तर म्हणाले पत्र आलंय, तू खोटं लिवतोस. गावासमोर म्हणाले."

बयाबाईने माझ्यापुढे चहा ठेवला. या वेळी तिने गोड झालाय का विचारलं नाही.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, म्हणजे माफ केलं की नुसतं ऐकलं, ते मला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. यंत्र गेल्यावर त्याने डबा लावला होता आणि नातवाच्या दप्तरातल्या फूटपट्टीने रोज पाणी मोजत होता. पंचवीस जुलैच्या चौकटीत दोन आकडे होते, तेवीस आणि सव्वीस, सेंटिमीटरमध्ये. संध्याकाळी डबा भरत आला म्हणून एकदा रिकामा केला, सकाळी पुन्हा मोजला. मागचा बांध सुटत असताना हा माणूस पट्टी घेऊन अंगणात उभा होता.

"लिवून घ्या," तो म्हणाला. "पण कोन म्हणालं, हे खरं कशावरनं, तर काय सांगाल?"

मी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले.

परत येताना ट्रकमध्ये अब्बांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, शंकेखोर माणूस शंकेखोराची बाजू घेईल. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "डायवरवर शक मी पन घेतो. पन चावी काढून घ्यायच्या आधी एकदा त्याच्या बाजूला बसून गाडी चालवताना बघतो. तू बाजूला बसलीस का?"

पुण्याला जाऊन मी पहिलं काम केलं ते करंजकोंडचा १९९६नंतरचा सगळा रकाना एक दिवस पुढे सरकवण्याचं. एन्टर दाबलं. वरचे आणि खालचे आकडे पुन्हा हात धरून चालायला लागले, हाशिम मास्तरांच्या वेळेपेक्षा जरा जास्तच घट्ट. मी तिसरं प्रकरण नव्याने लिहिलं, कार्यालयाला दुसरं पत्र पाठवलं, आणि पुरवणीत पंचवीस जुलैच्या सकाळपासून सव्वीसच्या सकाळपर्यंत करंजकोंडला चारशे नव्वद मिलिमीटर असं घातलं.

तोंडी परीक्षेला नागपूरहून आलेले परीक्षक होते. त्यांनी बाकी सगळं उलटून टाकलं आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा तेलाच्या डब्यातला आकडा?"

"हो, सर."

"कशावरून खरा?"

"त्यांनी माझं पाणी मोजलंय, सर," मी म्हटलं, आणि बारा पूर्णांक दोनची गोष्ट सांगितली. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "मला तो आकडा खरा वाटतो. पण तक्त्यात घेता येणार नाही. प्रमाणित उपकरण नाही, मान्यता असलेला निरीक्षक नाही. तिथे रेघ मारा. उद्या कोणी या खोऱ्यावर काम करील तेव्हा त्याला त्या दिवसासमोर रेघच दिसेल. काय करणार? बरं, जूनपर्यंत तिथे यंत्र होतं म्हणता. मग जुलैला का नव्हतं?"

गद्रे मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

"मी काढायला लावलं, सर," मी म्हटलं.

मला पदवी मिळाली, चांगल्या गुणांनी. दिवाळीच्या सुट्टीत बांधलेल्या प्रबंधाची एक प्रत घेऊन मी करंजकोंडला गेले. यंत्र अजून परत बसलं नव्हतं. दुसऱ्या पत्राचं उत्तर आलं नव्हतं. महिपतीने हात धुतले, प्रत मांडीवर घेतली आणि इंग्रजी असूनही एकेक पान उलटून बघितलं. तक्त्यापाशी आल्यावर त्याने रेघेवर बोट ठेवलं.

"हा आमचा दिवस?"

"हो."

"आनि खाली हे काय लिवलंय बारीक?"

मी मराठीतून वाचून दाखवलं: "या दिवशी केंद्र बंद होते. कारण, प्रस्तुत विद्यार्थिनीने पाठवलेले चुकीचे पत्र."

त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. बयाबाई चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली होती. महिपतीने प्रत मिटली, प्लास्टिकच्या त्याच पिशवीत घातली आणि कॅलेंडरांच्या थप्पीशेजारी ठेवली.

"पत्राची तारीख घातलीत?" त्याने विचारलं.

"घातली. बावीस मे."

"सकाळी लिवलंत का रात्री?"

"रात्री," मी म्हटलं.

"मग कुठल्या दिवसात धरलंत ते पण लिवायला हवं होतं," तो म्हणाला आणि डब्यातलं पाणी बघायला बाहेर गेला.